पुढचं पान आधी वाचायचं नाही

"होता की! इथंच राहिला होता," खाणावळवाली बाई म्हणाली. "उंच, मान खाली घालून चालणारा. या खिडकीशी बसून मोठमोठ्यानं वाचायचा. बाकीचे भाडेकरू वैतागायचे हो, पण पोरगा गुणी."

हेडक्लार्कच्या बायकोनं खिडकीच्या कठड्यावरून हात फिरवला. "जेवत होता ना नीट?"

"कधी नाव ठेवलं नाही जेवणाला. तुमचा कोण?"

"मुलगा. एकुलता एक."

हेडक्लार्क निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कामाची पद्धत काही सुटली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, पिशवीतून पुस्तक काढलं आणि खूण घातलेलं पान उघडलं.

ते पुस्तक एका प्रसिद्ध लेखकाचं. त्यानं उभा जन्म भटकण्यात घालवला आणि जिथे राहिला त्या प्रत्येक जागेवर एकेक प्रकरण लिहिलं. मुलाला त्या पुस्तकानं पार वेडं केलं होतं. परीक्षा नाही, नोकरी नाही, बघावं तेव्हा पुस्तकात डोकं. एका संध्याकाळी हेडक्लार्कचं डोकं फिरलं. "एवढा पुळका आहे ना, मग जा त्याच्या मागे! पुन्हा तोंड दाखवू नकोस!"

"नाही दाखवणार," मुलगा म्हणाला. फोन टेबलावर ठेवून, पुस्तक घेऊन तो अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेला.

लोकांना सांगायचं काय? मुलगा परदेशात नोकरीला लागला, असं दोघांनी शेजारीपाजारी सांगून टाकलं. वर्ष गेलं. बायकोनं अंथरूण धरलं. तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, "तो माझ्यावरच गेलाय. बोलला म्हणजे बोलला, आपणहून यायचा नाही. आपणच जायला हवं." पेन्शनीत एवढा प्रवास कुठला व्हायला? राहतं घर एका दाताच्या डॉक्टरांना विकलं, पुस्तकाची दुसरी प्रत आणली आणि दोघं निघाले.

मुलाचा एक नियम होता. आईला त्यानं तो शंभरदा ऐकवला होता. ज्या जागेचं प्रकरण, ते त्या जागी जाऊनच वाचायचं. पुढचं पान आधी वाचायचं नाही. प्रकरणाच्या शेवटी लेखक पुढे कुठे जाणार ते सांगतो, तिकडे निघायचं. दोघांनी तसंच केलं. छापखान्याच्या अंगणात वाचलं, वाचनालयाच्या बाकावर वाचलं, इस्पितळाच्या व्हरांड्यात वाचलं. प्रत्येक ठिकाणी कुणाला ना कुणाला तो पोरगा आठवत होता.

"अहो, शेवटी कुठे जातो तेवढंच बघू या ना," बायको एकदा काकुळतीला येऊन म्हणाली होती. "थेट तिथेच गाठू त्याला."

"आणि मध्येच कुठे रमला असला तर? चुकामूक होईल." मग तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "आयुष्यभर त्याचं एक ऐकलं नाही मी. हे तरी ऐकू दे."

खाणावळीचं प्रकरण संपलं. पुढचा मुक्काम दीपगृह.

बसमध्ये डॉक्टरांचा फोन आला. स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणे.

"वॉशर बदला. दर पावसाळ्यात बदलावा लागतो," हेडक्लार्क म्हणाले.

"बरं. आणि तुमच्या गल्लीत चोऱ्यांचा त्रास आहे, हे सांगितलं नाहीत हो! काल भरदुपारी एक दाढीवाला आमच्या नव्या कुलपाशी खटपट करताना सापडला. कोण पाहिजे विचारलं, तर तोंडातून शब्द फुटेना. वॉचमननं दोन रट्टे दिले तेव्हा पळाला."

"बरं केलंत. अशांना एकदा सूट दिली की सोकावतात."

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. नळ गळतोय. आणि कुणी भुरटा चोर आला होता."

"हात झडोत मेल्याचे," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर समुद्र दिसतोय का ते बघू लागली.

दीपगृहाचा राखणदार पायऱ्या झाडत होता. वर्णन ऐकताच त्यानं झाडू टाकला.

"अरेरे, थोडक्यात चुकलात! मागच्या आठवड्यात गेला तो. काय सांगू, शेवटचं पान वाचलं आणि इथंच, या पायरीवर बसून ढसाढसा रडला. मग हसायला लागला. म्हटलं, बाबा रे, ते दाढीचं जंगल तरी काढ, माझा वस्तरा देतो. तर म्हणाला, नको, ओळखतात का बघू."

"गेला कुठे पण?"

"शेवटच्या ठिकाणी, एवढंच म्हणाला. उड्या मारतच गेला."

बायकोनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. मुलगा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. "सापडला हो! मागचाच आठवडा म्हणजे काहीच नाही. चला, वाचा लवकर."

दोघं धापा टाकत वर चढले. हेडक्लार्कनी दीपगृहाचं प्रकरण एका दमात वाचून काढलं. शेवटची ओळ एवढीच होती: 'आता एकच ठिकाण उरलं.' ठिकाणाचं नाव नव्हतं.

"आता नियम मोडावाच लागणार," ते म्हणाले. त्यांनी पान उलटलं आणि ते मनातल्या मनात वाचू लागले.

"मोठ्यानं वाचा ना. कुठे जायचंय?"

त्यांनी पुस्तक खाली घेतलं आणि खिशातला फोन चाचपला. बायकोनं ते काढून घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि एकेक शब्द लावत वाचू लागली:

'घंटा वाजवली नाही. आईला चकित करायचं होतं. घरची जुनी किल्ली इतकी वर्षं खिशात जपली होती, तीच हळूच कुलपाला लावली.'