आठ तास उभी

हमीदा मेस्त्रीने पिकअपच्या पुढच्या टायरवरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"झीज तशीच आहे, शेठ. ह्या नव्या गाड्यांत टायर, ब्रेक, पाटे, सगळं आपोआप भरून येतं. गाडीनं नुसतं आठ तास उभं राहायचं. तेवढंही तुमच्याच्यानं होत नाही?"

"सलग आठ तास?" उत्तमशेठनी घड्याळ पाहिलं. "त्यापेक्षा जुने टायर बरे होते, भाभी. बदलले की गाडी पळाली."

"आता उभीच ठेवा. नाहीतर घाटात ब्रेक लागणार नाहीत."

शेठनी नाइलाजाने मान डोलावली आणि ते केबिनकडे वळले. आत ड्रायव्हर केरबा स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता. दोन दिवस तो घरी गेला नव्हता.

"ह्याला उठवतो. दुसरी गाडी कोबी भरून तयार आहे."

हमीदाने आधी केरबाकडे पाहिलं, मग शेठकडे.

"दार उघडू नका. दोन तास भरलेत, मध्येच उघडलं तर आठ तास पहिल्यापासून मोजावे लागतील."

शेठचा हात कडीवरून खाली आला. ते चरफडत मागे सरले.

"झोपू दे मेल्याला," ते हळूच म्हणाले. "टायर तरी भरतील."

उभ्या गाडीची दारं कितीही वेळा उघडली तरी चालतं, असं माहितीपुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. ते पुस्तक समोर डॅशबोर्डवरच पडलं होतं. गाडी घेऊन वर्ष झालं, तरी त्याची प्लॅस्टिकची पिशवी कुणी फोडली नव्हती.