कूमच्या गॅरेजातून निघालेला ट्रक

इंजिन तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा मिलुनने शिवी दिली नाही. पहिल्या दोन वेळा देऊन झाली होती.

ट्रक इवान्यित्सा गावाच्या वरच्या घाटात एका वळणावर उभा होता. मागे लाकडाचे ओंडके, पुढे बॉनेटच्या फटींतून वाफ. जुलैचं ऊन. दीड तासापूर्वीच तो विदोयेच्या गॅरेजातून निघाला होता. नवा वॉटर पंप, नवा पट्टा, नवे पाइप. सगळं विदोयेने स्वतःच्या हाताने बसवलेलं.

हेच त्याला कळत नव्हतं. विदोये नुसता मिस्त्री नव्हता, त्याचा कूम होता. मिलुन आणि देसांकाच्या लग्नात चर्चमध्ये साक्षीला उभा राहिलेला. आमच्याकडे एक वेळ सख्ख्या भावाशी वैर धरतात, कूमशी धरत नाहीत. विदोयेचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही, जुना माल रंगवून नवा म्हणून घालतो, असं गावात बोललं जायचं. मिलुनने अशा दोघा-तिघांना तोंडावर झापलं होतं. फेब्रुवारीत देसांका गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर त्याच्या दाराशी येणारा एवढा एकच माणूस उरला होता, आणि आता त्यालाच विचारायचं होतं की तू मला फसवलंस का.

त्याने फोन लावला. गाडी परत तापली, एवढंच सांगितलं. विदोयेने आधी विचारलं, तू ठीक आहेस ना. मिलुन म्हणाला, बिघाड इंजिनात आहे, माझ्यात नाही. विदोये म्हणाला की तो निघालाच आहे, तोवर मिलुनने स्टिअरिंगला हात लावू नये.

सकाळी किल्ली देतानाही तो असाच वागला होता. किल्ली हातात धरून मिलुनच्या डोळ्यांत बघत राहिला होता. ज्याच्या मनात काही असतं तोच असं बघतो, मिलुनला वाटलं.

तेवढ्यात गवताची ट्रॉली ओढत एक म्हातारा ट्रॅक्टरवाला आला. त्याने वाफ बघितली, ओंडके बघितले आणि न विचारताच खाली उतरला. एवढं जंगल लादून बैलालासुद्धा घाम फुटेल, म्हणाला. इंजिन निवेपर्यंत त्याने मिलुनच्या दोन सिगारेटी ओढल्या. मग फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं, नाक खाली नेलं आणि तसाच थांबला.

"हे कुणी भरलं?"

"माझ्या कूमने."

"मग त्याला सांग, इतकी चांगली रकिया इंजिनाला पाजू नये. माणसं मेलीत का?"

मिलुनने वास घेतला. आलूबुखाराची दारू. पुसटसा, पण तोच वास. म्हातारा सांगत होता की दारू पाण्याच्या आधी उकळते, चढावर आत वाफ धरते, मग पंप सोन्याचा का असेना. "तुझी गाडी प्यायलीय बाबा," म्हणाला आणि हसत निघून गेला.

मिलुन रस्त्याकडेच्या दगडावर बसला. अकरा वर्षं त्याने थेंब घेतला नव्हता. देसांकाने घरातल्या संतांच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. सणाला कुणाकडे गेलं की ती आपला आणि त्याचा, दोघांचे पेले पालथे घालायची. विदोयेला हे सगळं ठाऊक होतं. मग ही चेष्टा कशाची? तीसुद्धा देसांका गेल्यावर?

विदोये आला तेव्हा बरोबर त्याची बायको स्ताना होती. नाकाला रुमाल लावलेला. गवत कापायच्या दिवसांत तिचं नाक बंदच असतं. मिलुनने झाकण उघडून दाखवलं.

आधी स्तानाच बोलली. पंप बसवून विदोये हात धुवायला गेला, तर सकाळपासून नळाला पाणी नव्हतं. रेडिएटरला अजून पाच लिटर हवं होतं. तिने सीटमागे बघितलं, तर लाल रंगाने क्रूस काढलेला कॅन होता. जानेवारीतल्या सणाचं, पाद्र्याने मंतरलेलं पाणी. ते वर्षभर खराब होत नाही, हे कुणाला माहीत नाही?

"देसांकाने भरलेलं म्हणून क्रूस करून ओतलं रे मी. म्हटलं, वाटेत सांभाळेल तुला."

मिलुन गोंधळला. त्यात पाणीच होतं, तो म्हणाला. देसांका प्रत्येक फेरीला शेजारी बसायची. घाट आला की त्यातलं छोटा पेलाभर घ्यायची, क्रूस करायची आणि वळणांनी मळमळतं म्हणून पेपरमिंट तोंडात टाकायची. त्याने स्वतः ते कधी घेतलं नाही. मंतरलेलं पाणी अनशा पोटी घ्यायचं असतं, आणि त्याचा दिवस सिगारेटीनेच सुरू व्हायचा.

विदोयेने बोट आत बुडवून जिभेला लावलं.

"ही माझ्या भट्टीची आहे," तो म्हणाला.

"म्हणजे तूच..."

"देसांका न्यायची. दर दोन महिन्यांनी, पाच लिटर. अकरा वर्षं." विदोये फडक्याला हात पुसत राहिला. "म्हणायची, मिलुनला लागते, पण शपथ मोडली म्हणून तुझ्याकडे मागायची त्याला लाज वाटते. त्याला कधी विचारू नकोस."