दुसऱ्या जागेवरचा माणूस

"नाव टाक त्याचं," शेजारच्या टेबलावरचा सहकारी तिला म्हणाला. "जागेवरून नको शोधूस. जागा सरकतात."

"त्याचं नाव माझ्या बोटांतून उतरणार नाही."

"मग माझी बोटं देऊ उसनी?"

"तू तुझं काम बघ."

शाळेच्या फाटकाचं सॉफ्टवेअर यांच्याच कंपनीचं. डेटाबेसमध्ये प्रत्येक मुलाची एक नोंद. नोंदीच्या पोटात एक रांग: या मुलाला घरी कोण नेऊ शकतं. आपल्या मुलीची रांग तिनं काल रात्री उघडून पाहिली होती.

पहिली: सासू.
दुसरा: तो, नवरा.
तिसरी: ती स्वतः.

वेगळा राहायला गेला, तरी रांगेत तिच्या पुढेच! काल फाटकात दोघांची जुंपली. पोरगी मध्ये. एक हात त्याच्याकडे, एक हिच्याकडे. "पुढच्या वेळी कायमची घेऊन जाईन तिला," तो सगळ्यांदेखत ओरडला. तेव्हाच हिनं ठरवलं.

फोन. त्याचा. तिनं कापला.

पुन्हा फोन.

"वाज मेल्या, वाज."

तिनं आज्ञा लिहिली.

मुलीची नोंद. रांग. दुसरी जागा. परवानगी: नाही.

एंटर.

एक नोंद बदलली, असं पडद्यावर उमटलं. रांग पुन्हा उघडून बघायची तिला गरज वाटली नाही. काटा निघाला होता.

शाळा सुटली. फाटकाशी तिनं कार्ड टेकवलं. लाल. पुसून पुन्हा टेकवलं. लाल.

"बाई, तुम्हाला परवानगी नाही," वॉचमन म्हणाला.

"मी आई आहे तिची!"

"इथे येणारी प्रत्येक बाई कुणाची तरी आईच असते. बाजूला व्हा."

काचेपलीकडे मुलगी हात हलवत होती. मग हलवायची थांबली.

फोन. या वेळी तिनं उचलला.

"नीच माणसा! मला बंद केलंस? दुसऱ्या जागेवर तू होतास, तू! मग माझं कार्ड लाल कसं?"



"मी आता कुठल्याच जागेवर नाही," तो म्हणाला. "पोरीची पुन्हा ओढाताण नको, म्हणून सकाळीच शाळेच्या ॲपवरून माझं नाव काढून टाकलं. तेच सांगायला फोन करतोय कधीचा. आता माझ्या आईच्या खाली लगेच तुझंच नाव आहे."