सवाष्णीचा पाट

मिनलने सवयीप्रमाणे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घातल्या आणि पंगतीच्या कडेला नेऊन ठेवल्या. कौशल्याकाकूंचं वजन एका खुर्चीला पेलत नसे.

कौशल्या दारात चप्पल काढत होती. महाल भागातल्या त्या बोळात रिक्षा शिरत नाही. मागच्या साली ती दर ओट्यावर टेकत टेकत या दारापर्यंत आली होती. मग ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जठर कापून मुठीएवढं केलं. आज ती बोळातून सरळ चालत आली होती आणि तिला धापही लागली नव्हती.

“बसा, काकू,” मिनल खुर्ची पुसत म्हणाली.

कौशल्याने खुर्चीकडे पाहिलं, मग थोरल्या जावेकडे. रुखमाबाई महालक्ष्म्यांपुढची वात सारखी करत होत्या.

“बाई, यंदा मले पाटावर बसू द्या.”

“बसशील वं, पण उठशील का? मागं तुले उठवाले तिघी लागल्या होत्या. माही बांगडी फुटली त्यात.”

पंगतीतल्या सवाष्णी हसल्या. कौशल्याही हसली. पण खुर्चीकडे गेली नाही. तिने निऱ्या सावरल्या, गुडघे वाकवले आणि भिंतीकडच्या पाटावर अलगद मांडी घातली. हात कुठे टेकला नाही.

हसणं थांबलं.

खुर्चीवरून तिला महालक्ष्म्यांचे मुकुट दिसायचे. खालून डोळे दिसले. शेजारणीचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागत होता आणि ती तो लागू देत होती. इतकी वर्षं पंगतीतल्या गोष्टी खुर्चीपर्यंत पोचत नसत. हसणं तेवढं पोचायचं. आज कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या घरी भांडण झालं, सगळं तिच्या कानाशी चाललं होतं. तिला वाटलं, वाढणाऱ्यांनी जरा उशीर करावा.

रुखमाबाई तुपाची वाटी घेऊन आल्या. मिनलने पुरणाची पोळी वाढली. कौशल्याने ताटावर हात आडवा धरला.

“एवढीशीच, बाई. मले आता चार घासांच्या वर जात नाही.”

“सवाष्णीनं हात आडवा धरू नये,” म्हणत रुखमाबाईंनी तिचा हात बाजूला केला. पोळीवर तुपाची धार पडली. मग भात, कढी, वडे, भाज्या, आंबील. ताटाचा काठ दिसेना.

कौशल्याने भाताचा घास घेतला. बराच वेळ चावला. दुसरा घेतला. पुरण बोटाच्या टोकावर घेऊन नुसतं जिभेला लावलं. ऑपरेशनपासून गोडाने अंगाला दरदरून घाम सुटतो, हे तिला ठाऊक झालं होतं. तिसऱ्या घासाला छातीत दाटून आलं. मग ती नुसती भात चिवडत राहिली. शेजारणी कढी मागत होत्या, आणखी पोळी मागत होत्या.

हळूहळू सगळी ताटं रिकामी झाली. एकच भरलेलं राहिलं, आणि ते संपल्याशिवाय पंगत उठत नाही.

“प्रसादाचं ताट टाकू नये वं,” एक म्हातारी म्हणाली.

“डब्यात भरून देऊ का, काकू?”

“येडी आहेस का, मिनल?” रुखमाबाई म्हणाल्या. “महालक्ष्मीचा घास उंबऱ्याबाहेर जात नाही.”

कौशल्याला पुढचं साल दिसलं. बाया म्हणतील, पाटावर बसता येतं, तर जेवता येत नाही. कशाला बोलवायची सवाष्ण म्हणून? बस तिकडं खुर्चीवर. तिने पोळीचा मोठा तुकडा मोडला आणि तोंडाशी नेला. तोंड उघडेना. हात तसाच राहिला.

रुखमाबाईंनी तो हात पाहिला.

“उठा वं बायांनो,” त्या म्हणाल्या, “हात धुवा. पुरुषांची पंगत खोळंबून राहिली.”

बायका उठल्या. कौशल्याने तुकडा ताटात ठेवला आणि तीही उठू लागली. तिच्या खांद्यावर हात पडला.

“तू काहून उठून राहिली?”

रुखमाबाई तिच्यासमोर उघड्या फरशीवर बसल्या आणि ताट आपल्याकडे ओढलं.

“बाई, उष्टं आहे माहं! तुम्ही थोरल्या...”

“गप बस. सकाळपासून उपाशी आहो मी.”

रुखमाबाई एरवी जेवायच्या त्या सगळ्यांच्या मागून, स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. दारात पुरुषमंडळी घुटमळत होती. कोणीतरी खाकरलं. रुखमाबाईंनी वर पाहिलं नाही.

त्यांनी पुरणाचा लहानसा घास तोंडात घातला. कौशल्या त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

“कसं झालं पुरण, बाई?”

रुखमाबाईंनी घास सावकाश गिळला.

“चांगलं झालं. बसून राय तू.”

आणि त्यांनी पुढचा घास आणखी लहान तोडला.