दोन टिंबं

पिकअप चाळीसवर गेली आणि पुन्हा थरथरली. पायाखालचा पत्रा थडथडला, गिअरचा दांडा प्रणालीच्या तळहातात कापायला लागला. शेजारी बसलेला किशोर, म्हणजे गाडीचा मालक, सगळा दोष तिचाच असल्यासारखा ओरडला, "हे पाय ताई! आलं का ध्यानात?"

"आलं," प्रणाली म्हणाली. तिने चालत्या गाडीतच क्लच दाबला. थरथर गेली नाही. उभ्या गाडीत इंजिन रेस करून तिने आधीच पाहिलं होतं. तेव्हा गाडी गरीब गायीसारखी उभी होती. म्हणजे इंजिन बिचारं निर्दोष. दुखणं मागे होतं, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या लांब शाफ्टमध्ये. आणि त्या शाफ्टला पंधरा दिवसांपूर्वीच हात लागला होता. बाबांचा.

बाळापूर रोडवरच्या त्यांच्या शेडमध्ये गाडी लागली. तिचे बाबा, शालिकराम मिस्त्री, स्टुलावर बसून नट निवडत होते, तेही डब्यात नाक खुपसून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला, असं प्रणालीने वर्षभरात तीनदा म्हटलं होतं. उत्तर ठरलेलं: "माहे डोळे बोटाईत हायेत." त्यावर वाद घालणाऱ्याची धडगत नसे.

प्रणाली गाडीखाली शिरली. तिने टॉर्च लावला, शाफ्टवरचं ग्रीस पुसलं. शाफ्टचे दोन तुकडे जिथे दातांत दात घालून एकमेकांत बसतात तिथे बाबांनी पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, ठोकलेली दोन टिंबं होती, प्रत्येक तुकड्यावर एक. खोलण्याआधी टिंबं मारायची, जोडताना ती समोरासमोर आणायची, नाहीतर गाडी थरथरणार. आयटीआयच्या सरांच्या कितीतरी आधी बाबांनीच तिला हे शिकवलं होतं.

टिंबं समोरासमोर नव्हती. दोन दातांचा फरक होता.

ती तशीच पाठीवर पडून राहिली. "ज्याले सोताचं निशाण दिसत नाई, त्यानं पाना खाली ठेवावा," असं बाबा चारचौघांत ठणकावून सांगत. आणि ते बोलल्याप्रमाणे वागणारे होते, हीच तर पंचाईत होती. आई गेल्यापासून ते सकाळी अंथरुणातून उठत ते फक्त या शेडसाठी. हे कळलं तर आजच पाना ठेवतील आणि उद्यापासून घरात भिंतीकडे बघत बसतील. तिला रडू आलं. गाडीखाली रडण्याची एवढी सोय असते की कोणाला दिसत नाही.

"काय हाये वं?" बाबांनी वाकून विचारलं.

"सेंटर बेअरिंग, बाबा. त्याचं रबर फाटलं. बदलून टाकतो मी, तुमी बसा."

तिने बोल्ट खोलले, शाफ्ट ओढला, दोन दात फिरवला. टिंबासमोर टिंब आणलं आणि बोल्ट आवळले. बेअरिंगला तिने बोटही लावलं नाही.

बाबांना शेजारी बसवून किशोर चक्कर मारून आला. चाळीस झाले, पन्नास झाले, साठ झाले, गाडी थरथरली नाही. "लोण्यावानी चालून राह्यली, मिस्त्री!" तो खुशीत म्हणाला. बेअरिंगचे पैसे त्याने विचारले तेव्हा प्रणालीने हात हलवला. "मागच्याच कामात आलं ते." वरूडला संत्री भरायला जायची त्याला घाई होती. तो गेला.

प्रणालीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि कामाच्या बाकावरचा नसलेला तेलकटपणा फडक्याने पुसत राहिली.

"काढलेलं बेअरिंग किशोरले देल्लं काय?" बाबांनी पुढच्या कामासाठी पाना उचलत विचारलं.

तिचा हात थांबला. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा या शेडचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. शंकेला जागाच नको. एवढं पक्कं खोटं रचताना नेमकी तेवढीच गोष्ट ती विसरली होती.

"राह्यलं बाबा. विसरली."

"मंग कुठी हाये?"

तिने गाडी उभी होती त्या जागेकडे पाहिलं. तिथे तेलाच्या दोन थेंबांशिवाय काही नव्हतं.

बाबा तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांना ते कितपत दिसत होतं कोण जाणे. मग त्यांनी हातातला पाना हळूच बाकावर ठेवला.

बाबांनी शर्टाच्या खिशातून पंच काढला. तो त्यांनी आजवर कोणाच्या हातात दिला नव्हता. चाचपडत तिचा काळा झालेला हात धरला, पंच त्यात ठेवला आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटवली. मग वळून बाकावरचा पाना पुन्हा उचलला.

"उद्या डॉक्टरकडे घेऊन चाल मले," ते म्हणाले. "अन् तोवर निशाण तू पायत जाय, पाना मी आवळतो."