वाटेवरचे चहा

दुर्गाबाईनं चमचाभर चहा नवऱ्याच्या तोंडात सोडला आणि त्याच्या गळ्याकडं बघत राहिली. घोट आत जरासा थांबला. मग ठसका लागला आणि सगळा चहा नाकातोंडातून सदऱ्यावर आला.

तिनं पदरानं भुजंगची हनुवटी पुसली. "हा जायला पाह्यजे व्हता," ती म्हणाली. "भोकरदनचा हाय. तुम्ही सांगितल्ता तसाच केला. भांडं उतरवल्यावरच गूळ टाकला."

भुजंगनं डोळ्यांनीच होकार दिला. चहात काही खोट नव्हती. अन्ननळीत वाढलेल्या गाठीनं वाटच बुजवत आणली होती.

उभा जन्म त्यानं मंठ्याहून काळीपिवळी जीप चालवली. भोकरदन, घनसावंगी, परतूर, सवारी नेईल तिकडं गेला. घरी आला की पाय धुऊन बसायचा आणि सांगायचा, अमक्या हॉटेलात आज गवती चहा टाकला होता, तमक्यानं दूध असं आटवलं होतं की कपावर साय धरली. सोबतचा खाऊ पुडीत बांधून आणायचा, गुडीशेव नाहीतर बालुशाही. चहा काही बांधून आणता येत नव्हता, म्हणून तो सांगायचा. दुर्गाबाईनं त्यातलं एकही गाव धड पाहिलं नव्हतं, पण कोणत्या गावाला चहात काय पडतं ते तिला तोंडपाठ होतं.

औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले होते, पातळ जातंय तोवर जाऊ द्या. तेही थांबलं तर पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागेल, मग उशीर करू नका. परतताना भुजंगनं तिला सांगून टाकलं होतं, "पोटात नळी घालून मला जगायचं न्हाई." आणि कालपासून पाणीसुद्धा उलटून येत होतं.

त्याची जीप आता गल्लीतला धर्मराज चालवायचा. दिवस कलला की जीप घेऊन ये, असा निरोप दुर्गाबाईनं त्याला धाडला होता. भुजंगला हे सांगायची तिची छाती झाली नव्हती. दुपार तेवढी हातात होती. तेवढ्यात घोटभर काही पोटात गेलं असतं, तर तिनं जीप दारातूनच परत लावून दिली असती.

तिनं गुडीशेव चहात कुस्करली, फडक्यातून गाळून पाजली. उलटून आली. आटवलेल्या दुधाचा चहा केला, पाणी घालून सैल केला. तोही आला.

शेजारची रहिमुन्निसा बशीत नानकटाई आणि हातात किटली घेऊन आली. "दूध जड पडतं, दुर्गाबाई. बिनदुधाचा देऊन बघ. लवंग-दालचिनीचा हाय. आमच्याकडं तब्येत बिघडली की हाच देतेत."

हा चहा भुजंगनं बराच वेळ तोंडात धरला. मग मान मागं टाकली. दोघी बाया श्वास रोखून उभ्या राहिल्या.

"गेला," दुर्गाबाई हळूच म्हणाली.

तो वाकला आणि चहा परत आला. या खेपेला त्यात रक्ताची रेघ होती.

दुर्गाबाई स्टोव्हकडं वळली. "अजून घनसावंगीचा राह्यला. त्यात आलं पडतं."

"आल्यानं आग पडंल त्याहिला," रहिमुन्निसा म्हणाली. "बस कर आता."

"मंग आलं न्हाई टाकत."

घाईघाईनं उघडताना पत्तीचा डबा कलंडला. ती खाली बसून फरशीवरची पत्ती बोटांनी गोळा करू लागली. मातीसकट गोळा करत राहिली, थांबेचना.

"दुर्गे," भुजंगचा बसलेला आवाज आला. "धर्मराज कवा येणार हाय?"

तिचे हात थांबले. रहिमुन्निसानं बशीकडं नजर वळवली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सकाळपास्नं दाराकडं बघून राह्यलीस."

ती गुडघ्यांवरच सरकत त्याच्या खाटेपाशी आली. "मी त्याला परत लावते. तुम्ही येक घोट गिळा, येकच. बाकी काही मागत न्हाई."

"येऊ दे त्याला." दम घेऊन तो म्हणाला, "जाऊ आपण. नळी तर नळी."

ती त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. त्यानं बोटानं बशी दाखवली. "आधी तू खा. कालपास्नं पोटात काही न्हाई तुझ्या."

"मला भूक न्हाई."

"मंग मी बी येत न्हाई."

रहिमुन्निसानं काळा चहा पेल्यात ओतला आणि एक नानकटाई दुर्गाबाईच्या हातात ठेवली. तिनं ती चहात बुडवून तोंडात घातली. जिभेवर तूप विरघळलं, वेलदोड्याचा वास आला, पण घास पुढं सरकेना. तो तसाच गालात धरून ती बसून राहिली. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवर आलं, ते पुसायला तिनं हातही उचलला नाही. बाहेर वळणावर जीपचा गिअर पडल्याचा आवाज झाला. भुजंगनं तिकडं पाहिलं नाही. त्याची नजर तिच्या गळ्यावर होती.

"गिळ," तो म्हणाला.

तिनं डोळे गच्च मिटून घास खाली ढकलला. डोळे उघडले तेव्हा भुजंगच्या वाळलेल्या गळ्याची घाटी वर गेलेली होती आणि हळूहळू खाली उतरत होती.