एका पायावर

लाकडाचा कारखाना बंद पडल्यापासून आमच्या डोंगराळ गावात म्हाताऱ्यांची सेवा हाच एक धंदा जोरात आहे. माणूस जितका लुळा, तितके सेविकेचे तास सरकार मंजूर करतं. “तात्सुए आजी, तपासनिसापुढे आहात तशाच वागा. तुमचे तास कापले की मला कामासाठी ओसाका गाठावं लागेल,” आजीची सेविका मिनोरी हिनं बजावलं होतं. तपासनिसानं येऊन विचारलं, “एका पायावर उभं राहता येतं, आजी?” पाहुण्यापुढे ‘नाही’ म्हणायची लाज वाटून आजी बगळ्यासारखी उभी राहिली. “अंघोळ?” “माझी मीच!” “कमाल आहे! यांना सेविका कशाला?” म्हणत तो गेला. दार लागताच आजी कोसळली. मिनोरीनं तिला उचलून घेतलं. “ओसाकात काम मिळेल ना गं तुला?” “मिळेल की. तिथल्या म्हाताऱ्या खरं बोलतात म्हणे.” आजीला तोंड लपवायचं होतं, पण जवळ मिनोरीचा खांदाच तेवढा होता.